दाम कोण ठरवितो?

'दाम करी काम' ही म्हण आपल्याकडे इतक्या सहजपणे उच्चारली जाते की, तिच्यात निम्मेच सत्य आहे याचे भान कोणाला राहिलेले नाही. दाम काम करतो हे खरे. पण तो कोणाचे काम करतो, हे ती म्हण सांगत नाही. दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले. त्यानंतरच्या आठ दशकांत पैसा किती आला, किती वाढला, कोठे गेला याचे हिशेब जाणकारांनी पुष्कळ मांडले. आम्हांस येथे दुसराच प्रश्न विचारावयाचा आहे. जी वस्तू एकाने पिकविली, खुडली किंवा वळली, तिचा दाम ठरविण्याचा अधिकार दुसऱ्याच्या हाती का गेला? आणि तो गेल्यावर त्या व्यवहाराला व्यापार, मुत्सद्देगिरी, विकास अशी भारदस्त नावे आपण का दिली?

हा प्रश्न हवेतला नव्हे. तो तपासण्यासाठी महाराष्ट्राच्या ईशान्य टोकाचा गोंदिया जिल्हा आम्ही समोर ठेवतो. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झालेला हा प्रदेश मुंबई-वसईकडच्या वाचकाला नकाशात चटकन सापडत नाही. धानाच्या बांध्या, तलाव, साग-तेंदूचे जंगल आणि बिडी एवढ्यावर त्याची ओळख आटोपते. परंतु जगाच्या पैशाने ज्या गावांना स्पर्श केला नाही असे गाव आता उरलेले नाही. गोंदियाजवळ बिरसी येथे विमानतळ आहे. त्याची पहिली धावपट्टी इंग्रज सरकारने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधली. ज्या मुलखात त्या वेळी सालगड्याची मजुरी धानाच्या मापाने चुकती होत होती, त्या मुलखाच्या मधोमध साम्राज्याच्या युद्धखर्चातून एक धावपट्टी अवतरली. आमच्या विषयाचा आरंभ आम्ही तेथून करतो.

त्या युद्धाचा खर्च कसा भागविला गेला, हे आठवून पाहावे. हिंदुस्थानने ब्रिटनला धान्य, कापड, ताग, पोलाद आणि माणसे पुरविली. त्यांचा मोबदला रोख मिळाला नाही. तो लंडनमध्ये हिंदुस्थानच्या नावे पौंडांत जमा होत राहिला. युद्ध संपले तेव्हा ही रक्कम सुमारे १३० कोटी पौंड, म्हणजे त्या वेळच्या दराने १,७०० कोटी रुपयांहून अधिक झाली होती. इकडे त्या जमेच्या बळावर नोटा छापल्या गेल्या, महागाई भडकली, १९४३ साली बंगालमध्ये लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली. तिकडे, हे देणे कापून कमी करावे असा सूर ऋणकोच्याच दरबारात निघू लागला. पुढे करार होऊन पैसे हप्त्याहप्त्याने सुटू लागले, तोच सप्टेंबर १९४९ मध्ये ब्रिटनने पौंडाचे मूल्य तीस टक्क्यांहून अधिक उतरविले. रुपयाही त्यापाठोपाठ उतरला आणि शिल्लक राहिलेल्या त्या ठेवीचे डॉलरमधील मोल एका रात्रीत आटले. माल आमचा आणि वही त्यांची, हा या व्यवहाराचा सारांश होय. युद्धोत्तर काळाने आम्हांला शिकविलेला पहिला धडा हाच. पुढचे सारे धडे त्याचीच उजळणी आहेत.

आता हाच धडा जंगलात गिरवून पाहू. मे महिन्याच्या उन्हात गोंदियातील देवरी, सालेकसा, सडक-अर्जुनी, अर्जुनी-मोरगाव या तालुक्यांतील गोंड, हलबी आणि इतर समाजांची कुटुंबे पहाटेच जंगलात शिरतात. तेंदूची कोवळी पाने खुडावयाची, दुपारी घरी बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधावयाचे, संध्याकाळी ते फळीवर नेऊन मोजून द्यावयाचे. पंधरा-वीस दिवसांचा हा हंगाम. पण पावसाळ्यापूर्वीचे बियाणे, खत, मुलांच्या वह्या-पुस्तके हे सारे त्यावर अवलंबून. महाराष्ट्राने १९६९ च्या कायद्याने तेंदूच्या व्यापाराचे नियमन आपल्या हाती घेतले. व्यापाऱ्याच्या मनमानीतून मजुराला सोडविणे हा त्यामागचा हेतू स्तुत्य होता. प्रत्यक्षात जंगलाचे गट पाडून त्यांचा लिलाव होऊ लागला. पान खुडण्यापूर्वीच त्याची बोली नागपुरात किंवा अन्य शहरात लागे, आणि पान खुडणारीला तिच्या पुड्याचा दर ठरल्यानंतर कळे. दर ठरविणाऱ्या त्या बैठकीत ती कधी नव्हती. मालकाच्या जागी सरकार आले, सरकारच्या पुढे ठेकेदार उभा राहिला. पुडा बांधणारी मात्र होती तेथेच राहिली.

ते पान पुढे बिडीच्या कारखान्यात जाते. स्वदेशीच्या काळात विदेशी सिगारेटवर बहिष्कार पडला तेव्हा बिडीला बरकत आली, आणि रेल्वेमार्गावर वसलेले, जंगलाला लागून असलेले गोंदिया हे तिचे मोठे केंद्र बनले. तंबाखू बाहेरून येई, पान येथले, हात येथले. हे हात मुख्यतः बायकांचे होते. घरच्या उंबऱ्यात सूप मांडीवर घेऊन त्या बिड्या वळीत आणि हजारामागे मजुरी घेत. ठेकेदार जी बिडी नापसंत करी ती 'छाट' म्हणून वेगळी काढली जाई. तिचे पैसे मिळत नसत. बिडी चांगली की वाईट, हे ठरविणारा आणि पैसे देणारा एकच! न्यायाधीश आणि फिर्यादी एकाच खुर्चीत बसावेत असा हा कारभार होता. १९६६ साली बिडी व सिगार कामगारांसाठी केंद्राचा कायदा झाला, त्याला मालकांनी आव्हान दिले, १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. १९७६ साली कामगार कल्याण निधीचा कायदा आला. कायदे कमी पडले नाहीत. परंतु कायद्याने मजुरी वाढताच काम स्वस्त मजुरीच्या मुलखाकडे वळते, हा भांडवलाचा जुना स्वभाव आहे. देशातील बिडीधंद्याचे पुष्कळसे काम याच न्यायाने प्रांतोप्रांती सरकत गेले. पैशाला पाय असतात. बिडी वळणाऱ्या बाईला घर असते. ती त्याच्या मागे धावू शकत नाही.

येथे कोणी आम्हांस अडवून म्हणेल, याच बिडीच्या पैशातून गोंदियात शाळा-महाविद्यालये उभी राहिली, त्याचे काय? प्रश्न रास्त आहे. बिडी व्यवसायातून पुढे आलेले मनोहरभाई पटेल यांनी १९५८ साली गोंदिया शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि ज्या भागात माध्यमिक शाळा दुर्मीळ होती तेथे शिक्षणाची दारे उघडली. त्या दातृत्वाविषयी आमच्या मनात आदरच आहे. त्या शाळांतून शिकून बाहेर पडलेल्या पिढ्या हे त्याचे जिवंत प्रमाण होय. आमचा आक्षेप दात्यावर नाही. दान हे दामाला पर्याय आहे असे मानणाऱ्या आपल्या समाजबुद्धीवर आहे. दानाची कमान, फलक, जयंती असते. रास्त मजुरीचा पुतळा कोणी उभारीत नाही. दान घेणाऱ्याने हात जोडावयाचे असतात, तर मजुरी घेणाऱ्याने मान ताठ ठेवावयाची असते. ज्या समाजात पहिल्या प्रकारचे हात पुष्कळ आणि दुसऱ्या प्रकारच्या माना थोड्या, तेथे पैसा उदार असला तरी न्यायी नसतो. हे आम्ही कोणा एका धंद्याविषयी म्हणत नाही. मंदिरांच्या, दर्ग्यांच्या आणि आमच्या चर्चच्याही देणगी-फलकांसमोर उभे राहून म्हणतो.

हीच दानबुद्धी राष्ट्राराष्ट्रांच्या व्यवहारात शिरली म्हणजे तिला परराष्ट्रनीती म्हणतात. अमेरिकेने १९५४ साली 'पी.एल. ४८०' या नावाने ओळखला जाणारा कायदा केला. तेथे धान्य अतोनात पिकले होते, कोठारे ओसंडत होती. १९५६ साली भारताशी पहिला करार झाला. भारताने गव्हाचे पैसे डॉलरऐवजी रुपयांत द्यावयाचे, आणि ते रुपये भारतातच अमेरिकेच्या खात्यात राहावयाचे. सोय दोन्ही बाजूंची होती, हे नाकारण्याचे कारण नाही. त्या गव्हाने माणसे जगली. पण १९६५-६६ चे दुष्काळ आले तेव्हा त्या सोयीची दुसरी बाजू दिसली. त्या वर्षी सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आणावे लागले. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी जहाजे महिन्यामहिन्याच्या हिशेबाने सोडण्यास आरंभ केला. भारताने व्हिएतनाममधील युद्धाविषयी काय बोलावे आणि काय बोलू नये, याचा विचार धान्याच्या जहाजांबरोबर किनाऱ्याला लागू लागला. ६ जून १९६६ रोजी रुपया उतरविण्यात आला. डॉलरला ४ रुपये ७६ पैसे होते ते ७ रुपये ५० पैसे झाले. त्यामागे जागतिक बँकेचा आणि मदत देणाऱ्या देशांचा आग्रह होता. रुपया उतरला, परंतु त्या भरवशावर अपेक्षिलेली मदत अपेक्षेइतकी आली नाही.

अमेरिकेच्या खात्यात साठलेल्या त्या रुपयांचे ओझे एवढे झाले की, अखेर १८ फेब्रुवारी १९७४ रोजी राजदूत मॉयनिहन यांनी १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश भारत सरकारच्या हाती ठेवला. तोपर्यंतच्या इतिहासातील हा सर्वांत मोठा धनादेश म्हणून गाजला. आपलेच रुपये आपल्याला परत मिळाले आणि त्याबद्दल आभारही आपणच मानले! ज्याच्या हाती वही असते, त्याच्या माफीलाही औदार्याची कीर्ती मिळते.

या प्रकरणाचा एक धागा आमच्या समाजापर्यंत येतो, म्हणून तो येथे सोडणे योग्य होणार नाही. त्या काळी अमेरिकेतील कॅथलिक मदत संस्थेमार्फत दूधपावडर, तेल, दलिया असे जिन्नस अनेक धर्मग्रामांत आणि मिशनशाळांत वाटले गेले. ज्यांना ते मिळाले त्यांत सर्व धर्मांची मुले होती. तरीही 'तांदळासाठी झालेले ख्रिस्ती' हा टोमणा गरीब ख्रिस्ती माणसाच्या माथी मारला गेला आणि आजही अधूनमधून मारला जातो. आम्ही विचारतो, एका उपाशी आईने मुलासाठी दुधाचा पेला घेतला तर तिचे इमान संशयास्पद ठरते. मग साऱ्या राष्ट्राने गव्हासाठी आपल्या शब्दांना मुरड घातली, त्याला मुत्सद्देगिरी का म्हणावयाचे? आणि आजही निवडणुकीच्या आदल्या रात्री पाकिटे वाटणारा आणि घेणारा यांच्यापैकी लाज फक्त घेणाऱ्यानेच का बाळगावयाची? भूक ही लाज नव्हे. भुकेचा भाव करणे ही लाज होय.

गव्हासाठी ओंजळ पसरणारा देश पुढे धान्याने भरला, आणि जगाच्या तांदूळ व्यापारातील सुमारे चाळीस टक्के वाटा आज भारताचा आहे. पारडे फिरले. आता वही आमच्या हाती आली. आम्ही तिचे काय केले? सप्टेंबर २०२२ मध्ये तुकडा तांदळाच्या निर्यातीवर बंदी आली. २० जुलै २०२३ रोजी बासमतीखेरीज पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद झाली. पुढच्याच महिन्यात उसना तांदळावर वीस टक्के शुल्क लागले. त्याच ऑगस्टच्या अखेरीस भूतान, मॉरिशस आणि सिंगापूर यांना, त्यांच्या सरकारांच्या विनंतीवरून, ठरावीक टन तांदूळ देण्याची परवानगी निघाली. मित्रराष्ट्राची गरज भागविणे हे चांगलेच कृत्य आहे, त्यात वाद नाही. देशातील गरिबाला तांदूळ महाग होऊ नये हाही हेतू योग्य. पण त्या हेतूची किंमत कोणी चुकती केली? गोंदिया हे भात-गिरण्यांचे गाव. येथे उसना तांदूळ निघतो, तुकडाही निघतो. बाजार बंद झाला तेव्हा गिरणीवाल्याने आपला तोटा धानाच्या भावात उतरविला, आणि धानवाल्याला तो उतरविण्यासाठी खाली कोणी उरले नाही. २८ सप्टेंबर २०२४ रोजी बंदी उठली. चौदा महिन्यांच्या त्या निर्णयात दिल्लीची मुत्सद्देगिरी होती, शहरांतील महागाईची चिंता होती, परदेशांच्या राजधान्यांतील मागण्या होत्या. आमगावच्या किंवा गोरेगावच्या बांधीत उभ्या असलेल्या माणसाचा त्यात शब्दही नव्हता. एके काळी जॉन्सनसाहेबांनी जे आमच्याशी केले, त्याची छोटी आवृत्ती आम्ही आमच्याच शेतकऱ्यासाठी काढली.

आधारभूत किंमत आहे ना, असे कोणी म्हणेल. आहे. कृषिमूल्य आयोग १९६५ पासून शिफारस करतो आणि केंद्र सरकार दर जाहीर करते. साधारण धानाचा दर २०२०-२१ साली क्विंटलला १,८६८ रुपये होता, तो २०२५-२६ च्या हंगामासाठी २,३६९ रुपये झाला. पणन महासंघ आणि आदिवासी विकास महामंडळ यांची खरेदी केंद्रे जिल्ह्यात उघडतात. त्यावर राज्य सरकार कधी क्विंटलमागे, कधी हेक्टरमागे बोनस जाहीर करते. २०२३-२४ साठी तो दोन हेक्टरांच्या मर्यादेत हेक्टरी २०,००० रुपये होता. शेतकऱ्याला त्याची निकड असते आणि तो त्याने घ्यावा. आमचा मुद्दा निराळा आहे. आधारभूत किंमत ही हक्काच्या भाषेत असते, बोनस हा मेहेरबानीच्या भाषेत असतो. तो बहुधा हिवाळी अधिवेशनात घोषित होतो, टाळ्यांच्या गजरात घोषित होतो, आणि तो मिळेपर्यंत शेतकऱ्याने वाट पाहावयाची असते. खरेदी केंद्र उघडण्यास विलंब झाला की अडलेला माणूस कापणीनंतर लगेच खाजगी व्यापाऱ्याला कमी भावात धान घालतो. म्हणजे भाव सरकारचा, वेळ व्यापाऱ्याची, आणि धान तेवढे शेतकऱ्याचे! पुन्हा तोच हिशेब: माल एकाचा, वही दुसऱ्याची.

दैनंदिन जीवनात हा बदल कसा उतरला, हेही पाहिले पाहिजे. पूर्वी रोवणीची, कापणीची, चुरणीची मजुरी धानात मिळे. खंडी, कुडव, पायली ही माणसांच्या बोलण्यातली मापे होती. १ एप्रिल १९५७ रोजी नवा पैसा आला, आणे-पै गेले. त्यासोबत मोजण्याची एक सारी सवय बदलली. गावातले तलाव हे याचे सर्वांत बोलके उदाहरण. या भागातील शेकडो तलाव मालगुजारांच्या काळात बांधले गेले, राखले गेले. १९५१ साली मालगुजारी संपुष्टात आली आणि तलाव सरकारजमा झाले. लोक आजही त्यांना 'मामा तलाव', म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणतात. गाळ काढणे, पाळ बांधणे, पाटाचे पाणी वाटणे ही पूर्वी गावाची कामे होती. आता ती अंदाजपत्रकातील बाबी झाल्या. निधी आला तर गाळ निघतो, निधी नाही तर तलाव उथळ होत जातो. गावाच्या हातातील फावडे गेले आणि अर्ज आला. पैसा येण्यापूर्वी जे काम होत होते, ते पैसा आल्यावर पैशावाचून होईनासे झाले. याला विकास म्हणावयाचे की परावलंबन, हे वाचकांनीच ठरवावे.

मग ८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र आली. पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या. अशी घटना प्रथमच घडली असे नव्हे. १२ जानेवारी १९४६ रोजी युद्धकाळातील काळा पैसा बाहेर काढण्यासाठी पाचशे, हजार आणि दहा हजारांच्या नोटा रद्द झाल्या होत्या. १६ जानेवारी १९७८ रोजी हजार, पाच हजार आणि दहा हजारांच्या. पण त्या दोन्ही वेळा त्या नोटा सामान्य माणसाने क्वचितच पाहिलेल्या होत्या. २०१६ साली मात्र त्या मजुराच्या कनवटीला होत्या. धान कापणीचे ते दिवस. त्यातच १४ नोव्हेंबरला जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा स्वीकारण्यास मनाई झाली. ग्रामीण भागात शेतकऱ्याची बँक म्हणजे बहुधा हीच. ज्यांच्या खात्याला चलाख सल्लागार होते त्यांच्या नोटा परत आल्या. रिझर्व्ह बँकेनेच २०१८ साली सांगितले की रद्द नोटांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक जमा झाल्या. काळा पैसा पांढरा होऊन घरी आला आणि पांढऱ्या पैशाचा मालक रांगेत काळवंडला. रुपया हा सरकारचा शब्द असतो. तो शब्द रात्री आठ वाजता मागे घेतला जाऊ शकतो, हे गरिबाला त्या दिवशी कळले. श्रीमंताला ते पूर्वीपासून ठाऊक होते.

त्या पोकळीत, आणि तिच्या आधीपासूनही, लघुवित्त कंपन्यांची माणसे मोटारसायकलवरून गावोगाव फिरू लागली. दहा बायकांचा गट, एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्यांनी भरावयाचा. सावकाराचा वाडा गेला. शेजारीणच वसुली करू लागली. जी माणसे पूर्वी संकटात एकमेकींच्या दारी जात, त्या आता हप्त्याच्या दिवशी एकमेकींची दारे टाळतात. कर्जाची ही रीत कायदेशीर असेल. पण माणुसकीलाच तारण ठेवणारी ही रीत आहे, असे म्हणताना आम्हांस संकोच वाटत नाही.

यावरून कोणी असे समजू नये की, आम्ही जुन्या काळाची आरती ओवाळीत आहोत. धानाच्या मापात मजुरी मिळत होती तेव्हा मापही मालकाचेच असे. वेठबिगार होती, जातीने ठरलेले काम होते, आणि बलुत्याच्या नावाखाली उष्टे-शिळे हाच मोबदला मानला जाई. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महार वतनाविरुद्ध जो लढा दिला तो याच कारणासाठी: वतनाच्या गोड नावाखाली माणूस गावाचा कायमचा बांधील होत होता. रुपयाच्या प्रश्नावर १९२३ साली लंडनमध्ये ग्रंथ प्रसिद्ध करणारा हा अर्थवेत्ता १९५४ च्या पोटनिवडणुकीत भंडाऱ्यातून उभा राहिला आणि पराभूत झाला, तेव्हा आजचा गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातच होता. रोख मजुरी हाती आली म्हणून कित्येक माणसे मालकाचे अंगण सोडून शहराची वाट धरू शकली, हे सत्य आम्ही मान्य करतो. पैसा हा शत्रू नव्हे. नाणे हे माणसाला मोकळे करणारे साधनही होऊ शकते. शत्रू आहे तो एकतर्फी दाम. दुसऱ्याच्या घामाची किंमत त्याला न विचारता ठरविण्याची मोकळीक.

ती मोकळीक काढून घेता येते, याचाही पुरावा याच जंगलात आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील गावाचा हक्क मान्य केला. २०१३ पासून गोंदिया आणि गडचिरोली जिल्ह्यांतील काही ग्रामसभांनी आपला तेंदूपत्ता स्वतः विकण्यास सुरुवात केली. ग्रामसभा एकत्र आल्या, त्यांनी स्वतः बोली मागविल्या, स्वतः करार केले, हिशेब स्वतः लिहिले. अडचणी आल्या, एखाद्या वर्षी भाव कोसळला, कोठे व्यापाऱ्याने पैसे थकविले, कोठे हिशेबावरून गावातच वाद झाले. पण वही गावात आली. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावने तर आणखी पुढचे पाऊल टाकले. तेंदूसाठी फांद्या तोडाव्या लागतात, आगी लावल्या जातात, जंगलाचे नुकसान होते. म्हणून त्या ग्रामसभेने तेंदूचा पैसा नकोच असे ठरविले आणि बांबूवर भर दिला. दाम ठरविण्याच्या अधिकारात 'विकणार नाही' असे म्हणण्याचा अधिकारही येतो, हे मोठमोठ्या मुत्सद्द्यांना जे उमगले नाही ते या लहानशा गावाला उमगले.

आमच्या वसईकडच्या वाचकांना हे परके वाटू नये. केळीच्या बागा आणि बावखले यांचे गुंठे कसे झाले, गुंठ्यांचे चौरस फूट कसे झाले, आणि प्रत्येक वेळी माप बदलताना भाव कोणी सांगितला, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे. हरित वसईच्या लढ्यात माणसे रस्त्यावर उतरली ती पैशाच्या विरोधात नव्हे. आपल्या भूमीचे भवितव्य आपणास न विचारता ठरविले जाते याच्या विरोधात. गोंदियाची बांधी आणि वसईची वाडी यांच्यात साडेआठशे-नऊशे किलोमीटरांचे अंतर असेल. दुखणे एकच आहे.

तेव्हा आमची मागणी साधी आहे. धानाच्या खरेदीचा दिवस कापणीपूर्वी जाहीर व्हावा आणि तो पाळला जावा. बोनसची कृपा बंद करून तीच रक्कम भावात, हक्क म्हणून, मिळावी. निर्यातबंदीसारखा निर्णय देशहितासाठी घ्यावाच लागला तर त्याचा तोटा देशाने सोसावा, एकट्या धानवाल्याने नव्हे. बिडी वळणारीच्या 'छाटी'चा निवाडा मालकाच्या माणसाने नव्हे, तिऱ्हाइताने करावा. तेंदूच्या दराच्या बैठकीत पुडा बांधणारीसाठी एक खुर्ची असावी, आणि तलावाच्या गाळाविषयीचा निर्णय तलावाचे पाणी पिणाऱ्या गावाने घ्यावा. यांपैकी एकही मागणी तिजोरी रिती करणारी नाही. फक्त वही थोडी सरकवून दुसऱ्यालाही दिसेल अशी ठेवावी लागेल.

एवढीशी गोष्ट आठ दशकांत झाली नाही. कारण पैसा देणे सोपे असते. पैशाची वही दाखविणे कठीण असते. दाम काम करतो, हे आम्ही मान्य केले आहे. आता तो कोणाच्या सांगण्यावरून करतो, हे विचारण्याची वेळ आली आहे; आणि हा प्रश्न पहिल्यांदा आपल्या घरी, आपल्या शेतावर राबणाऱ्या आणि आपल्या दारी धुणीभांडी करणाऱ्या बाईची मजुरी आपण कशी ठरवितो, तेथूनच विचारावा लागेल.